परदेशातल्या शहरांनी नव्या ऑफिसांना तात्पुरता लगाम घातला. समृद्धीकाठच्या आपल्या गावांना असं काही करता येईल का?

वावरकरी (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आमच्याकडे एक ठराव मांडायचं घाटतं आहे. गाव आर्वी तालुक्यातलं, समृद्धी महामार्गाच्या इंटरचेंजला लागून. ठरावाची कल्पना मला एका परदेशी शहराच्या नियमावरून सुचली, म्हणून आधी तो नियम सांगतो आणि मग आमची अडचण.

कॅलिफोर्नियात पालो अल्टो नावाचं शहर आहे. वस्ती आपल्या हिंगणघाटापेक्षा कमी, पण शेजारी स्टॅनफर्ड विद्यापीठ, त्यामुळे संगणक कंपन्यांचा सगळा ओढा तिकडे. ऑफिसं वाढत गेली, घरं त्या मानाने वाढली नाहीत. भाडी चढली, रस्ते तुंबले. २०१५ मध्ये तिथल्या नगर परिषदेने ठरवलं की डाउनटाउन, कॅलिफोर्निया अव्हेन्यू आणि एल कॅमिनो रियल या तीन पट्ट्यांत मिळून वर्षाला ५०,००० चौरस फुटांपेक्षा जास्त नवं ऑफिस मंजूर करायचं नाही. आपल्या मापात जेमतेम एक एकर सहा गुंठे चटईक्षेत्र. शहराचा नवा आराखडा तयार होत होता, तोवर ही मर्यादा.

मला यातली 'तोवर' ही गोष्ट पटली. कायमची बंदी नाही, सरसकट मोकळीकही नाही. विचार करायला वेळ मिळावा म्हणून घेतलेली उसंत.

आता आमचं. आमच्याकडे ऑफिसांची गर्दी नाही, पण गोदामं, ढाबे, 'कमर्शियल कॉम्प्लेक्स'चे फलक आणि ले-आउट सुरू झाले आहेत. नाल्याकाठचं एक ओलिताचं वावर मागच्या उन्हाळ्यात विकलं गेलं. घेणाऱ्याने मुरूम टाकून ते डांबरी रस्त्याच्या पातळीला आणलं, आणि ट्रक आत जावा म्हणून नाल्यात सिमेंटचा एक पाइप टाकून वरून भराव केला. पाइपाचं तोंड एवढं लहान की पहिल्याच मोठ्या पावसात तणकट आणि प्लास्टिक अडकून ते बंद झालं. पाणी फिरलं आणि वरच्या अंगाच्या वावरात साचलं. तिथली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, चिबडून पिवळी पडली. तिकडून जाणारी जुनी पांदण आता तारेच्या कुंपणाला जाऊन थांबते, बंडी पुढे जात नाही. तक्रार घेऊन गेलं की एक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवतं.

तर प्रश्न असा: गावाचा नीट आराखडा होईपर्यंत इंटरचेंजभोवतीच्या पट्ट्यात व्यापारी बांधकामाला मुदतीचा थांबा मागता येईल का? मागावा का?

---

सातनवरीचा_सख्या

दादा, तुमचा जीव तुटते हे समजते. पण एक सांगतो. तिकडं ऑफिसं ओसंडून रायली म्हणून त्याईनं थांबवली. आपल्या इकडं काय ओसंडून रायलं? माया दोन्ही भावांची पोरं पुण्याले आहेत, एक हिंजवडीत, एक चाकणले. रस्ता आला म्हणून पहिल्यांदा कोणी इकडं पाहून रायलं आणि आपणच म्हणाचं का थांबा? गोदाम आलं तं चार पोरं हमालीले नाही, सुपरवायझर म्हणून लागतीन. मी ठरावाच्या विरोधात आहो.

---

पुलगाव_ते_पॅसिफिक

मी मूळ पुलगावची. सध्या पालो अल्टोपासून अर्ध्या तासावर राहते, म्हणून थोडी भर घालते.

वावरकरीदादांनी सांगितलेला नियम बरोबर आहे, पण त्यात एक मोठी फट होती: स्टॅनफर्डचा रिसर्च पार्क त्या तीन पट्ट्यांच्या बाहेर राहिला. दुसरं म्हणजे हा 'तात्पुरता' नियम पुढे वाढवला गेला आणि २०१८ मध्ये कायम झाला. त्याच वर्षी नागरिकांनी सह्या गोळा करून आणखी एक प्रस्ताव आणला: २०३०पर्यंत शहरात एकूण किती नवं ऑफिस होऊ द्यायचं त्याची मर्यादा १७ लाख चौरस फुटांवरून निम्मी, म्हणजे साडेआठ लाख करा. परिषदेने तो मतदानाला न नेता थेट स्वीकारला.

सॅन फ्रान्सिस्कोचंही तसंच झालं. १९८५च्या डाउनटाउन प्लॅनमध्ये वर्षाला साडेनऊ लाख चौरस फुटांची मर्यादा घातली, ती तीन वर्षांपुरती. शहराचं न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनसारखं उंच इमारतींचं जंगल होतंय अशी लोकांची ओरड होती. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९८६ला, मतदारांनी 'प्रपोझिशन एम' मंजूर करून ती मर्यादा कायम केली, आणि आधी देऊन ठेवलेल्या परवानग्यांचा साठा वळता होईपर्यंत ती निम्म्यावर आणली. घरांचा तुटवडा मात्र त्याने सुटला नाही. शेवटी २०२०मध्ये मतदारांनी 'प्रपोझिशन ई' आणून ऑफिसांच्या कोट्याची सांगड परवडणाऱ्या घरांशी घातली. म्हणजे नुसतं थांबवून भागलं नाही.

तरी इथल्या एका गोष्टीचं मला कौतुक आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात तातडीच्या तात्पुरत्या झोनिंग (कुठल्या जमिनीचा काय वापर) नियमाला मुदतीचं कुंपण आहे. पहिल्यांदा फक्त ४५ दिवस. मग जाहीर सुनावणी घेऊन १० महिने १५ दिवस. मग आणखी एक वर्ष. सगळं मिळून दोन वर्षं, त्यापुढे नाही. आणि दर वेळी पाचातल्या चार सदस्यांचं मत लागतं. मधल्या काळात काय अभ्यास केला याचा अहवाल मुदत संपायच्या आधी मांडावा लागतो. ठरावात उचलायचं असेल तर हे उचला.

---

नगररचना_निवृत्त

नोकरीची सगळी वर्षं विदर्भातल्या नगररचना कार्यालयांत गेली. जे सांगतो ते ठरावाच्या कामी यावं म्हणून.

आपल्याकडे 'थांबा' आधीपासूनच आहे, फक्त त्याला कोणी त्या नावाने ओळखत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. प्रादेशिक योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर कलम १८ लागतं: शेतीखेरीज दुसऱ्या कुठल्याही कामासाठी जमिनीचा वापर बदलायचा तर पूर्वपरवानगी हवी. शहरांच्या विकास आराखड्यात, आराखडा करण्याचा इरादा जाहीर झाला की कलम ४३ तेच काम करतं. अधिकार कागदावर भरपूर आहेत. ते वापरायला माणसं आणि इच्छा कमी पडते.

ग्रामसभेने ठराव केला म्हणून कायद्याने बांधकाम थांबत नाही. पेसाच्या, म्हणजे आदिवासी क्षेत्रासाठीच्या पंचायत कायद्याच्या, गावांत ग्रामसभेचं वजन वेगळं, पण आर्वी तालुका त्यात येत नाही. ठराव करून तो जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि नियोजन प्राधिकरणाकडे पाठवायचा. सरकार कलम १५४ खाली प्राधिकरणाला निर्देश देऊ शकतं. मागणी तिथपर्यंत पोचवायची असेल तर गट नंबरांसकट, नकाशासकट द्या. 'गावाच्या हितासाठी' एवढंच लिहिलेला कागद फाइलीत पडून राहतो.

पहिलं काम: आपल्या गटांचे झोन दाखले, म्हणजे जमीन योजनेत कुठल्या वापरासाठी दाखवली आहे त्याचे दाखले, काढा. समृद्धीलगतच्या काही गावांसाठी नियोजन प्राधिकरण म्हणून एमएसआरडीसी (राज्य रस्ते विकास महामंडळ) आहे, बाकीच्यांना प्रादेशिक योजना लागू. आपलं गाव कुणाच्या अखत्यारीत हे कळल्याशिवाय अर्ज कुणाच्या नावे करणार?

पुलगावच्या ताईंनी दोन वर्षांच्या मुदतीचं सांगितलं, त्यावर एक बोचरी तुलना. आपल्याकडे आराखड्यात जमिनीवर आरक्षण पडलं की कलम १२७ प्रमाणे मालकाला दहा वर्षं थांबावं लागतं. मग तो जमीन घ्या नाहीतर आरक्षण सोडा अशी नोटीस देतो, आणि त्यानंतरही प्राधिकरणाला २४ महिने मिळतात. आरक्षणाखाली जमीन अडकलेली म्हातारी माणसं मी टेबलासमोर रडताना पाहिली आहेत. म्हणून थांबा मागताना शेवटची तारीख लिहाच.

---

पऱ्हाटीवाला

मी शांतपणे लिवतो, पण मले हा धागा वाचून लय त्रास झाला.

माह्यं वावर बरोबर रस्त्याच्या कडीले आहे. साडेतीन एकर कोरडवाहू. सोयाबीनले भाव नाही, पऱ्हाटीवर बोंडअळी, सोसायटीचं कर्ज थकलं. आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या जमीन होती पण पैसा कवाच नव्हता. आता पहिल्यांदा त्या मातीले गिऱ्हाईक आलं. इसार झाला नाही अजून, बोलणं चालू आहे. उद्या तुमी ठराव केला का दोन वर्षं थांबा, तं तो गिऱ्हाईक पुढच्या इंटरचेंजले जाईन. मंग माह्यं व्याज कोण भरणार? गाव भरणार का?

ज्यायचं वावर रस्त्यापासून आत आहे त्याईले थांबा म्हणणं सोपं जाते. त्यायचं काहीच जात नाही. नाल्याचं म्हणसान तं नाल्याच्या गोष्टीत मी तुमच्या संग आहो. पाणी अडवणाऱ्यावर कारवाई करा, मी सही करतो. पण त्याच्यापाई मले काहून अडकोता?

---

वावरकरी (धागाकर्ता)

पऱ्हाटीवाले भाऊ, तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते ठरावात आल्याशिवाय ठराव मांडू नये असं मला वाटतं. आपल्या गावात थांब्याचा भार कुणावर पडतो? रस्त्याकडेच्या मूठभर घरांवर. फायदा सगळ्या गावाचा.

विक्री थांबवावी असं मी म्हणत नाही. जमीन विकायचा हक्क तुमचा. वापर बदलायची परवानगी देताना नाला, पांदण आणि पाणी बघितलं जावं, आणि ते बघणारा नकाशा तयार होईपर्यंत मोठी बांधकामं थांबावीत, एवढंच. पण भाव वापरावरच ठरतो, त्यामुळे तुमचं नुकसान होणारच नाही असं मी तोंड वर करून म्हणू शकत नाही. यावर काय तोड काढता येईल ते सगळ्यांनीच सुचवा.

---

उरणची_लेक

माहेर उरण, सासर वर्धा. मला या धाग्यात दुसरंच दिसतं.

शहर जेव्हा म्हणतं 'आता इथे ऑफिसं पुरे', तेव्हा ती ऑफिसं हवेत विरत नाहीत. ती दुसऱ्या कुणाच्या तरी जमिनीवर उतरतात. मुंबईत नेमकं हेच झालं. दक्षिण मुंबईतली दाटी थांबवावी म्हणून १९७७ मध्ये मुंबई महानगराच्या विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए, तेव्हा बीएमआरडीए) बेटावरच्या नव्या ऑफिसांवर निर्बंध आणले आणि वांद्रे-कुर्ला संकुलाकडे ओघ वळवला. तिथे मिठी नदीकाठची पाणथळ जमीन भराव घालून उंच केली गेली. २६ जुलै २००५ला मिठी कुठे शिरली ते सगळ्या देशाने पाहिलं. वावरकरीदादांच्या नाल्यातला पाइप वाचला आणि मला तेच आठवलं.

त्याही आधी, १९७०ला, नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ सिडको आलं. मुंबईवरचा भार हलका करायचा म्हणून ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. आमच्या भागातल्या शेतकऱ्यांनी वाजवी मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन केलं. जानेवारी १९८४ला जासई परिसरात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. दरवर्षी आमच्याकडे त्या हुतात्म्यांना अभिवादन होतं, शाळेत असताना मीही जायचे. जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आज सरकारी शब्द झाला आहे. त्याच्या मागे ती माणसं आहेत.

म्हणून सख्याभाऊंना माझं सांगणं: नागपूर-मुंबईने दारं आवळली की तुमच्या धुऱ्यावर कोणीतरी येणार, हे धरून चाला. ते येण्याच्या आधी गावाने काय हवं, काय नको ते लिहून ठेवलं तर बोलणी बरोबरीने होतात. आल्यावर लिहायला बसलात तर फक्त मोबदल्याचा दर उरतो. आणि पऱ्हाटीवाले भाऊ, तुम्हाला सरळ विक्री करून मोकळं व्हायची घाई आहे, पण आमच्याकडे ज्यांनी जमिनीत थोडाफार वाटा राखला त्यांची पुढची पिढी उभी राहिली. एकरकमी पैसा घेतलेल्या कित्येकांचा चार-दोन वर्षांत संपला.

---

इतिहासाचा_मास्तर

थांब्याच्या बाजूने बरंच आलं, म्हणून त्याचा एक फसलेला प्रयोगही इथे असू द्या. नोव्हेंबर १९६४ मध्ये ब्रिटनच्या मजूर पक्षाच्या सरकारने, मंत्री जॉर्ज ब्राउन, लंडनमध्ये नवी ऑफिसं बांधायला मनाई केली. १९६५ला त्याचा कायदा झाला आणि ऑफिस बांधायचं तर सरकारचा खास परवाना लागू लागला. ही पद्धत १९७९पर्यंत चालली.

फायदा कुणाला झाला? ज्यांच्या परवानग्या आधीच खिशात होत्या त्यांना. नवा माल बंद झाल्याने जुन्या इमारतींची भाडी चढली. हॅरी हायम्स या बिल्डरचा सेंटर पॉइंट नावाचा मनोरा १९६६ला पुरा झाला आणि कित्येक वर्षं रिकामा उभा राहिला. १९७४ मध्ये बेघरांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी त्यात घुसून निषेध केला, इतका तो लोकांच्या डोळ्यांत खुपत होता.

आपल्याकडे याच चुकीचं दुसरं रूप दिसेल. परवानगी बंद म्हटलं की नोटरीवर तुकडे विकले जातील. १९४७चा तुकडेबंदी कायदा असूनही गुंठेवारी झालीच ना? २००१ला ती नियमित करायला कायदा आणावा लागला, आणि २०२१ला त्यातली तारीख २०२० अखेरपर्यंत पुढे सरकवावी लागली. ज्याने नियम पाळला तो थांबून राहिला, ज्याने मोडला त्याचं पुढे नियमित झालं. ग्रामसभेच्या ठरावाने हे व्हायला नको.

---

सातनवरीचा_सख्या

मास्तर, हे बाकी पटलं. नागपूरच्या भोवती एनएमआरडीएत (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) नऊ तालुक्यांतली सातशेच्या वर गावं आहेत. आमच्या वळणावर ले-आउटचे गोटे पहिले गाडले जातात, कागद मंग येते. घेणारा गरीबच असते, ऑटोवाला, शिपाई. नंतर ना रस्ता ना नाली. कोणी थांबा घातला असता तं तो माणूस वाचला असता का, का अजून फसला असता, हे मले ठरवता येऊन नाही रायलं.

---

धानोऱ्याहून

गडचिरोलीतून लिहितो. आमच्या तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २०१३ मध्ये ग्रामदान कायद्याखाली आपल्या जमिनी ग्रामसभेच्या स्वाधीन करायचं ठरवलं. तो मार्ग सगळ्यांना जमणार नाही, तिथे त्याआधी वर्षानुवर्षं अभ्यासगट बसत होते आणि निर्णय सर्वसहमतीने होत होता. मला त्यातली बैठकीची रीत महत्त्वाची वाटते. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या बैठकीत जातो. पऱ्हाटीवाले भाऊंचा विरोध असताना हात वर करून बहुमताने ठराव मारून नेऊ नका. विनोबांच्या वर्धा जिल्ह्यात तरी.

---

पऱ्हाटीवाला

धानोऱ्याच्या भाऊचे आभार. उरणच्या ताईचं रात्रभर डोक्यात होतं.

माह्या अटी सांगतो. एक, तारीख पाहिजे, आणि ती एक वर्षाच्या आत. दुसरं, दोन-चार खोल्यायचं दुकान, गॅरेज, चहाचं हॉटेल, असं जे गावातला माणूस सोता बांधीन त्याले थांबा नाही. मोठ्यालेच. तिसरं, ज्यायचा इसार आधी झाला त्यायले मोडू नका. आणि त्या वर्षात आमाले कोणी भाड्यानं जमीन मागितली तं कशी द्याची, करारनामा कसा कराचा, हे शिकलेल्या माणसानं गावात येऊन सांगावं. विकल्याबिगर पैसा येत असन तं मले विकाची हौस नाही.

---

पुलगाव_ते_पॅसिफिक

भाऊंनी न वाचता जे सांगितलं तेच इथल्या सर्वोच्च न्यायालयासमोर आलं होतं. टाहो सरोवराच्या काठावर आराखडा होईपर्यंत ३२ महिने बांधकाम बंद ठेवलं होतं. मालकांनी भरपाई मागितली. २००२ मध्ये न्यायालयाने म्हटलं की तात्पुरता थांबा म्हणजे आपोआप जमीन हिरावणं होत नाही, पण किती काळ, कशासाठी, ते प्रत्येक प्रकरणात बघावं लागेल. सहा विरुद्ध तीन असा निकाल होता. तीन न्यायमूर्ती मालकांच्या बाजूने होते, हेही विसरायला नको.

---

वावरकरी (धागाकर्ता)

सगळ्यांच्या सूचना घेऊन मसुदा बदलला आहे. थोडक्यात असा:

इंटरचेंजभोवतीच्या ठरावीक गटांत (यादी सोबत) मोठ्या व्यापारी बांधकामाला आणि ले-आउटला नवी परवानगी ठरावाच्या तारखेपासून एक वर्ष देऊ नये अशी ग्रामसभेची नियोजन प्राधिकरणाला विनंती. गावकऱ्याने स्वतःच्या जागेत बांधलेलं लहान दुकान यातून वगळावं. आधी झालेले नोंदणीकृत करार जसेच्या तसे चालू राहावेत. या वर्षात नाल्यांची मूळ रुंदी, पांदण रस्ते आणि विहिरी नकाशावर आखून घ्याव्यात. चौथ्या आणि आठव्या महिन्याच्या ग्रामसभेत काय झालं ते वाचून दाखवावं. काम झालं नाही तरी वर्ष भरलं की थांबा आपोआप संपेल, मुदतवाढ नाही.

शेवटच्या वाक्यावर गावात वाद होईल. काहींना वाटतं की मग अधिकारी नुसते वर्ष काढतील. पण मुदतवाढीची वाट ठेवली तर पऱ्हाटीवाले भाऊंसारख्यांचा विश्वास कसा बसेल? मी मुदतवाढ न ठेवण्याच्या बाजूने आहे.

नाल्यातल्या पाइपाचा अर्ज वेगळा करतो आहे. तो एक वर्ष थांबू शकत नाही, पाऊस सुरू आहे.

---

नगररचना_निवृत्त

मसुदा चांगला आहे. दोन दुरुस्त्या. 'मोठं' आणि 'लहान' असं मोघम ठेवू नका, चौरस मीटरमध्ये आकडा घाला, नाहीतर प्रत्येक टेबलावर वेगळा अर्थ लागेल. आणि नाल्याच्या अर्जाला भूमी अभिलेख कार्यालयातून जुन्या गाव नकाशाची प्रमाणित नक्कल जोडा. त्यात नाला आणि पांदण दोन्ही दाखवलेले असतात. नक्कल मिळायला दिवस लागतात, सोमवारीच अर्ज टाका.

---

पऱ्हाटीवाला

सोमवारी मी वर्धेले चाललो आहो. नकलेचा अर्ज मीच टाकतो. गट नंबरांची यादी मले पाठवा.